आंदणाच्या पलंगाखालचा भुसा

साकोलीत मला नावानं कोणी ओळखत नाही. घराच्या पाटीवर 'मेश्राम' असं ठळक लिहिलेलं आहे, तरी कुरिअरवाला चौकात "ते उधईवाले कुठं राहतात?" असंच विचारतो. बाकी महाराष्ट्रात जिला वाळवी म्हणतात तिला आमच्या भंडारा जिल्ह्यात उधई म्हणतात, आणि तिला मारणाऱ्याला उधईवाला. दूधवाला दूध आणतो तसा मी उधई आणतो की काय, अशा नजरेनं नवीन माणूस माझ्याकडे पाहतो. बायकोला या नावाची फार लाज वाटायची. आता सवय झाली. भाजीवाल्याशी भाव करताना ती स्वतःच "उधईवाल्याच्या घरची आहे मी" म्हणून दम देते.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा." गमतीजमती! चौकटीला हात लावला आणि हातात भुगा आला की घरमालकाचं तोंड पाहवत नाही. त्यात गंमत असलीच तर ती उधईची असते. पण लिहितो. संपादकांच्या ऑफिसातलं लाकडी कपाट मी बसल्या बसल्या बघून आलो आहे. आज ना उद्या ते मला बोलावणारच.

माणूस मला बोलावतो तो सगळ्यात शेवटी. आधी तो रॉकेल ओततो. मग ट्रॅक्टरचं जळकं ऑइल फासतो. मग कोणाची तरी मावसबहीण सांगते म्हणून हिंगाचं पाणी, मिठाचं पाणी, कडुनिंबाचा पाला. उधई बिचारी थोडे दिवस शेजारच्या भिंतीत पाहुणी जाते आणि वास उडाला की परत येते. मग मी. आणि मी गेलो की पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, एका फवाऱ्यात जाईन ना?" तुम्ही वर्षभर तिला जेवू घातलं, आता ती एका फवाऱ्यात कशी जाईल बाप्पा?

उधई तुमच्या लाकडात राहत नाही, हे एकदा नीट समजून घ्या. ती राहते जमिनीत. तुमच्या घरी फक्त जेवायला येते. तिला ऊन सोसत नाही, कोरडी हवा सोसत नाही, म्हणून भिंतीवरून मातीची बारीक नळी बांधत बांधत ती चौकटीपर्यंत पोचते. ती नळी बोटानं मोडली की माणसाला वाटतं आपण युद्ध जिंकलं. अहो, तुम्ही रस्ता मोडला, गाव तसंच आहे ना खाली! म्हणून आम्ही भिंतीच्या कडेकडेनं फरशीला भोकं पाडतो, त्यातून दवाई जमिनीत उतरवतो आणि भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवतो. याहून शहाणपणाचं म्हणजे घर बांधतानाच पायाच्या मातीला दवाई पाजणं. ते मात्र कोणी करत नाही, कारण जमिनीखालची दवाई पाहुण्यांना दाखवता येत नाही.

हायवेच्या बाजूला एका साहेबांनी बंगला बांधला तेव्हा मी स्वतः जाऊन हेच सांगितलं होतं. ते म्हणाले, "मेश्राम, तुमचा धंदा चालावा म्हणून मी माझ्या घराला औषध पाजू का?" मी परत आलो. साहेबांनी कोरीव दार बसवलं, दारावर गणपती, गणपतीभोवती वेलबुट्टी. खाली मिस्त्रीनं सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, खुंट्या, सगळं भरावात तसंच गाडून वर फरशी घातली. उधईला याहून चांगली पंगत कोणी वाढली नसेल. थोड्याच वर्षांत साहेबांचा फोन आला. दार वरून झकास दिसत होतं, पॉलिशला धक्का नाही. मी म्हटलं, चौकटीवर अंगठा दाबा. साहेबांनी दाबला आणि अंगठा आत गेला. ते अंगठ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "पण पॉलिश तर कंपनीची होती!" मी म्हटलं, हो साहेब, म्हणूनच तिनं पॉलिश ठेवली.

आणखी एक सांगतो. नवीन गावात गेलो की आधी आडनाव विचारतात. आडनाव कळलं की चहा कशात द्यायचा ते ठरतं. कागदी कप निघाल्यापासून लोकांची फार मोठी सोय झाली आहे. त्यांना काही बोलावं लागत नाही आणि मला काही ऐकावं लागत नाही. उधईला मात्र यातलं काही समजत नाही. ती आमच्या विहारातल्या पुस्तकांच्या रॅकला लागते तशीच देवळाच्या दाराला लागते. एरवी ज्या देवघराच्या उंबरठ्यापाशी मला थांबवलं असतं, तिथला देव्हारा पोखरला गेला की तीच माणसं "या भाऊ, आत या, अजून आत या" म्हणतात. त्या बाबतीत मी उधईचा फार आभारी आहे.

एकोडीला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी गेलो होतो. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, आडवा सागवानी मयाल म्हणजे घराची मुख्य तुळई. पोराला मयाल वाकलेला दिसला म्हणून त्यानं मला बोलावलं. बाईंना ते बिलकूल पटलं नव्हतं. "आमच्याकडे उधई नाही जी. मी सनासुदीले भिंती सारवतो. पाहा कशी दिसते भिंत!" भिंत खरंच आरशासारखी होती. मी एका कोपऱ्यातला पोपडा काढला. आत उधईच्या नळ्या, त्यांच्यावर पोळ्याचं सारवण, त्यावर दसऱ्याचं, त्यावर दिवाळीचं. प्रत्येक सणाला बाई ओल्या शेणामातीनं तिच्या रस्त्यावर छप्पर घालत होत्या आणि प्यायला पाणीही देत होत्या. भिंतीला बाहेरून तणस, म्हणजे भाताचा पेंढा, रचलेली. मी म्हटलं, माय, ही तणस भिंतीपासून दूर हलवा, उधईची शिडी आहे ती. बाई म्हणाल्या, "अन् पावसात ढोरायले का तुझ्या दुकानातून आनून देऊ?" यावर माझ्याकडे दवाई नव्हती. त्या दिवशी शेजारचे तुळशीराम हटवार हा सगळा तमाशा कुंपणावरून पाहत उभे होते. जाताना त्यांनी माझा नंबर घेतला. पुढची गोष्ट त्यांचीच आहे.

पण त्याआधी घुण काय ते सांगायला पाहिजे. उधई जमिनीतून येते, घुण लाकडातच मोठा होतो. एक बारीक भुंगा लाकडाच्या पोटात अंडी घालतो. अळी आत बसून खात राहते आणि वाढ झाली की भुंगा होऊन टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडून बाहेर निघते. त्या भोकातून मैद्यासारखा भुसा गळतो. सागाचा पक्का गाभा त्याच्या दातांना झेपत नाही. त्याला लागतं सालीखालचं पांढरं, गोडूस लाकूड, आणि कोवळ्या झाडात तेच जास्त असतं. म्हणून आमच्याकडची जुनी माणसं झाड तोडलं की ओंडका दोरानं बांधून बोडीत, म्हणजे शेतातल्या लहान तलावात, बुडवून ठेवायची. पाण्यात वर्षभर मुरला की लाकडातला गोडवा जायचा आणि घुण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. आता एवढी सबुरी कोणाला आहे? आज झाड पडतं, उद्या आरा मशीनवर जातं, परवा त्याला पॉलिश लागते. त्यानंतर माझा फोन वाजतो.

मागच्या वर्षी दिवाळीच्या जरा आधी असाच वाजला. तुळशीराम हटवार बोलत होते.

"मेश्राम भाऊ, कोंढ्याले माह्या पोरीच्या घरी जाऊन येता का? पलंगाले घुण लागला."

"मग त्यांनाच फोन करायला सांगा ना."

"ते नाही करत जी. ते म्हनतात घुण नाही, करनी आहे."

मी खुर्चीत नीट बसलो. उधई, घुण, झुरळं, उंदीर, ढेकूण, सगळ्यांसाठी मला बोलावणं आलेलं आहे. करणीसाठी पहिल्यांदाच आलं.

हकीगत अशी होती. मुलगी प्रणाली जन्मली त्या वर्षी तुळशीरामभाऊंनी बांधावर सागाचं रोप लावलं होतं. मुलाकडच्यांनी लग्नाची घाई केली, म्हणून लाकूड न मुरवताच लग्नात त्याच झाडाचा पलंग करून आंदणात दिला. उन्हाळ्यात लग्न झालं, पावसाळा सरला आणि पलंगाखाली रोज सकाळी पिवळसर भुसा दिसायला लागला. रात्री कुरकुर आवाज. सासू कौसल्याबाईंनी झाडफूक करणारा बाबा आणला. त्यानं पलंगाभोवती फेऱ्या मारून सांगितलं, माहेराहून आलेल्या वस्तूत आहे. त्या माणसाचं निदान अर्धं बरोबर होतं, हे मला मान्य करावं लागेल.

"आता त्या म्हनतात, पोरीले दिवाळीले घेऊन जा, संग पलंग बी न्या, अन् मंग परत पाठवाची घाई करू नका," तुळशीरामभाऊ म्हणाले. "भाऊ, दिवाळीले पोरगी घरी येते म्हनून बाप खुश होत असते. मी इकडे दिवाळी येऊच नये म्हनून राहिलो."

"उद्या जातो," मी म्हटलं.

"पन मी पाठवलं म्हनून सांगू नका. असेच फिरत फिरत आलो म्हना."

"मी काय चादरी विकतो का हो फिरत फिरत?"

तरी गेलो. कोंढ्यात त्यांच्या दारात उभं राहून म्हटलं, "घरातल्या लाकडाची तपासणी करून देतो, फुकट." फुकट म्हटल्यावर उघडलं नाही असं दार मी अजून पाहिलेलं नाही. घर जुनंच, पण आत सगळीकडे नवीन पांढऱ्या चकचकीत टाईल्स. कौसल्याबाई काटक, पदर खोचलेल्या. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायची सवय. त्यांनी आडनाव विचारलं. चहा आला, कागदी कपात आला. नवरा मुलगा आईच्या बाजूला बसून छताचा पंखा पाहत होता. मी होतो तितका वेळ तो पंखाच पाहत होता. तो पंखा बंद होता.

मी म्हटलं, घुण-बिण काही आहे का घरात? कौसल्याबाई उठल्या आणि आतून पावडरचा एक डबा घेऊन आल्या. डब्याला लाल धागा बांधलेला, झाकणावर टवटवीत लिंबू. लिंबू दर शनिवारी बदलत होत्या, असं त्यांनीच सांगितलं. आत भुसा. रोजचा गोळा करून ठेवलेला.

"हे पाहा. माह्या सुनेच्या पलंगाखालचं. पुरावा ठेवला आहे मी."

मी चिमूटभर घेऊन बोटात चोळलं. "बाई, हा लाकडाचा भुसा आहे."

"लाकडाचा आहे ते मले बी दिसते. पाडते कोन?"

"घुण पाडतो."

"घुण पाठवला कोनं?"

"कोणी पाठवत नसतं हो. पांढरं लाकूड असलं की येतो."

"म्हनजे एकोडीवाल्यानं कच्चं लाकूड देल्लं. आम्हाले फसवलं."

झालं! मी कुठं पाय ठेवला ते मला तेव्हा कळलं. घुण म्हटलं तर बाप लबाड, घुण नाही म्हटलं तर पोरगी चेटकीण. माझ्या दवाईच्या डब्यांवर सगळ्या सूचना छापलेल्या असतात, अशा ठिकाणी काय करायचं ते मात्र कोणी छापत नाही.

"अन् मले हे सांगा भाऊ," बाई पुढं सरकल्या, "माहा पलंग मी लगन होऊन आली तवाचा आहे. माह्या बापानं देल्लेला. एकच घर, एकच हवा. त्याच्या खाली चिमूटभर भुसा नाही पडत. त्याले काहून नाही लागत तुमचा घुण?"

प्रश्न बिनतोड होता. मी म्हटलं, तुमचाही पलंग पाहू द्या.

"पाहा. खुशाल पाहा."

तेवढ्यात दारात शेजारीण आली म्हणून बाई बाहेर गेल्या. मी टॉर्च घेऊन त्यांच्या पलंगाखाली सरपटत शिरलो. खालची टाईल लख्ख पुसलेली, धुळीचा कण नाही. मी वर उजेड मारला. पाये आणि कडा पक्क्या सागाच्या होत्या, पण खालच्या आडव्या पट्ट्या कोणत्या तरी पांढऱ्या लाकडाच्या, आणि त्यांवर भोकंच भोकं. जुनी भोकं काळपट पडतात, ताजी पांढरट दिसतात. इथं दोन्ही होती. म्हणजे या पलंगाला घुण सुनेच्या कितीतरी आधीपासून होता, आणि अजून जिवंत होता. मग भुसा जात कुठं होता?

"काका," कोणीतरी हळूच म्हणालं. खाटेच्या कडेशी एक चेहरा वाकला होता. प्रणाली. हातात झाडू. "तिकडचं नका सांगू."

"काय नका सांगू?"

"आत्याबाईच्या पलंगाखालचा भुसा मी रोज झाडून टाकतो. पहाटे, त्या उठाच्या आधी. त्यायले दिसला तं म्हनतील माह्या पलंगातून तिकडे गेलं, आता मलेच खाऊन राहिली. माह्या पलंगाचं तं झालंच. त्यायच्या पलंगाचं नको."

मला त्या पोरीचा रागही आला आणि दयाही आली. म्हटलं, "अवो बाई, हेच तर सांगायला पाहिजे! तुझ्यावरचं सगळं किटाळ जाते यानं."

"सांगून मी जिंकीन काका. पन मंग राहाचं त्यायच्याच घरात आहे ना." डोळे भरले होते तिचे. "फक्त दोन्ही पलंगायले दवाई टाकून द्या. अन् सांगनार नाही अशी शपथ घ्या."

मी शपथ घेतली. माझ्या धंद्यात शपथ घ्यायची पाळी येईल असं कधी वाटलं नव्हतं, तीही पलंगाखाली पालथं पडून.

ती गेली, तशा कौसल्याबाई आत आल्या. त्यांनी सुनेला विहिरीवर पाणी आणायला पाठवलं, नळ चालू असताना. मग माझ्या डोक्यावर पलंगावरच बसल्या. मला फक्त त्यांची पावलं दिसत होती. आवाज अगदी खाली आला होता.

"भाऊ, खालीच आहा तं एक काम करा. पट्ट्यायले काही चिकटवलं आहे का पाहा. काही बांधलं आहे का, केस, सुई, काही बी."

"कायले?"

"रोज पहाटे ती माह्या खाटेखाली शिरते. मी झोपली आहे असं समजते ती. मी जागीच असतो. हातात काहीतरी घेऊन निघते, न् परसात जाऊन टाकते." पावलं एकमेकांवर घासत होती. "भुशाचं काही नाही हो. बाबा काही बी म्हनते. पन ते मी माह्या डोयानं पाहिलं आहे. झोप नाही मले. आपल्याच घरात आपल्याले मारून टाकतील असं वाटते."

आता सांगा. एक पोरगी सासूच्या भीतीनं पहाटे उठून झाडत होती, एक सासू सुनेच्या भीतीनं पहाटे जागी पडून तिचं ते खाटेखाली शिरणं पाहत होती, आणि मधल्या पट्ट्यांत घुण निवांत जेवत होता. मी या धंद्यात उधईनं पोखरलेली घरं पुष्कळ पाहिली आहेत, पण असं पोखरलेलं घर पाहिलं नव्हतं. आणि माझ्या गळ्यात शपथ.

शपथ मोडली. सरळ मोडली, आणि त्याबद्दल मला काडीचं वाईट वाटत नाही. मी बाहेर आलो, पिशवीतलं वर्तमानपत्र काढून त्यांच्या पलंगाखाली पसरलं आणि म्हटलं, "बाई, खाली बसा. वाकून पाहा."

"कायले?"

"बसा म्हटलं ना."

त्या बसल्या. मी हातोडीनं एका पट्टीवर ठोकलं. भर्रकन भुसा पडला. दुसरीवर ठोकलं, अजून पडला. वर्तमानपत्रावर पिवळी रांगोळी झाली. कौसल्याबाई बोट टेकवून टेकवून पाहत होत्या.

"ती काही ठेवत नाही हो तुमच्या पलंगाखाली," मी म्हटलं. "ती काढते. हे काढते रोज. तुम्हाला दिसू नये म्हणून."

बाईंनी बोटाला लागलेला भुसा पदराला पुसला. म्हणाल्या, "पन पहले तं कधी नाही दिसला."

"पहिले खाली काय होतं?"

"भुई होती. शेनानं सारवलेली." त्या टाईलवरून हात फिरवत होत्या. "टाईल्स तं पोराच्या लग्नात लावल्या."

"शेणाच्या भुईवर भुसा कोणाला दिसते?"

"म्हनजे माह्या बापानं बी..." त्या थांबल्या. मग एकदम चिडून म्हणाल्या, "पाये तं सागाचेच आहेत ना?"

"एक नंबर सागाचे. आणि एकोडीचं झाडही चांगलं होतं, बाई. त्याला बोडीत मुरायला वर्ष पाहिजे होतं. लग्न याच उन्हाळ्यात पाहिजे म्हणून कोण हटून बसलं होतं?"

"मीच बसली होती," म्हणाल्या. "पोरगी हातची जाईन असं वाटलं."

प्रणाली पाण्याची बादली घेऊन दारात आली तेव्हा आम्ही दोघं पलंगापाशी खाली बसलेलो, मध्ये तो कागद. तिनं आधी कागद पाहिला, मग मला पाहिलं. ती नजर मला अजून आठवते. पोलिसांनी फोडलेल्या साक्षीदाराकडे चोर पाहतो तशी ती पाहत होती, आणि चोरी तर तिनं केलीच नव्हती.

कौसल्याबाईंनी कागद उचलला, पन्हाळी केली, तो पुराव्याचा डबा ओढला आणि आपल्या पलंगाचा भुसा सुनेच्या भुशातच ओतला. झाकण लावून डबा खालीवर हलवला. मग पोराला म्हणाल्या, "फेकून ये उकिरड्यावर." तो पंखा सोडून उठला, मला वाटतं लग्नानंतर पहिल्यांदाच.

लिंबू उरलं. ते त्यांनी सुनेच्या हातात दिलं. "सरबत कर भाऊले. उनाचे आले." आणि पाठमोऱ्या होऊन, भिंतीकडे पाहत म्हणाल्या, "अन् उद्यापासून पहाटे उठून माह्या खाटेखाली शिरू नको. झोपत जा. कंबर धरून घेशीन."

पोरगी तिथंच खाली बसली आणि हमसून रडली. बाईंनी तिला उठवलं नाही, की जवळ घेतलं नाही. फक्त बादली तिच्या पायापाशी लवंडेल म्हणून सरकवून ठेवली.

करणी उतरवलेल्या लिंबाचं सरबत मी प्यालो. चांगलं झालं होतं. कशात दिलं ते पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलंच. कागदी कपातच होतं. घरातली करणी एका दिवशी एकच निघते, दुसरीसाठी वेगळा माणूस लागत असेल.

मग दोन्ही पलंग उलटे केले. भोकाभोकात सिरिंजनं दवाई सोडली, मेणानं भोकं बुजवली, उघड्या पांढऱ्या लाकडावर ब्रश फिरवला. दोन्ही पलंग अंगणात उन्हात शेजारी शेजारी पडले होते. बाईंना सांगितलं की थोडे दिवस आतला जुना भुसा गळत राहील, घाबरायचं नाही, मग बंद होईल. प्रणाली माझ्याशी जाईपर्यंत बोलली नाही. मोटारसायकल सुरू करत होतो तेव्हा कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "शपथ मोडली तुमी." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "हळू जा, रस्त्यात खड्डे आहेत."

दिवाळीला ती एकोडीला गेली. पलंग गेला नाही. पण बाप तो बापच; त्याची झोप उडालेलीच होती, परत बोलावतील की नाही म्हणून. भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीरामभाऊंचा मला फोन आला. इतका ओरडत होता माणूस, की मी मोबाइल कानापासून दूर धरला.

"भाऊ, विहीणबाईचा फोन आला होता! म्हने, पोरीले आजच पाठवा. म्हने, तिकडे बसली आहे आरामात, इकडे माह्या खाटेखाली भुसाच भुसा होऊन राहिला, झाडू माराले कोनी नाही."

मी म्हटलं, पाठवा, पाठवा, लगेच पाठवा.

आदल्याच आठवड्यात पवनीला जाताना मी कोंढ्याला थांबून दोन्ही पलंग तपासले होते. कौसल्याबाईंनी स्वतः टॉर्च धरला होता आणि माझ्यासोबत पलंगाखाली वाकून पाहिलं होतं. भुसा पडणं तेव्हाच बंद झालं होतं.